सख्ख्याहून सख्खा

बेसे माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हातात पिवळं पाकीट होतं, आणि ते तिनं ओढणीच्या टोकात धरलं होतं, बोट लागू नये म्हणून. त्या दिवशी बुधवार होता. बुधवारी आम्ही यझिदी धर्माचे लोक कपडे धूत नाही, न्हात नाही, नवं काम हातात घेत नाही. पोस्टमनला त्याचं काय!

"मावशी, उद्या उघडू या का?" ती म्हणाली.

"उद्या उघडलं तर आतला मजकूर बदलणार आहे का?" मी म्हटलं. "आण इकडे. पाकिटावर पोस्टमननं तारीख घातलीय बघ. दिवस आजपासून मोजतात ते."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. आत यावं, बूट काढावेत, हेही तिला सुचेना.

जर्मनीतल्या या गावात, ब्रेमेनच्या दक्षिणेला, मला चौतीस वर्षं झाली. तुर्कस्तानातल्या आमच्या खेड्यातून जी पहिली घरं इकडे पळून आली त्यांत आमचं एक. अठ्ठावीस वर्षं मी इथल्या शाळेच्या फरश्या पुसल्या आणि भिंतीवरच्या सूचना वाचून वाचून जर्मन शिकले. त्यामुळे माझं जर्मन हुकूम सोडल्यासारखं वाटतं असं माझी सून म्हणते. म्हणू दे. गावातल्या निम्म्या यझिद्यांची सरकारी पत्रं मीच वाचते, सूनबाई नाही. सगळ्यांची मी गुलीझर मावशी. पत्र वाचायचे मी काही घेत नाही, पण माझ्यासमोर कुणी थापा मारल्या तर दार दाखवते.

पाकिटात अकरा पानं होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, आश्रयाचा अर्ज नामंजूर. पंधरा दिवसांत न्यायालयात दाद मागावी, न मागितल्यास तीस दिवसांत देश सोडावा. मी हे मोठ्यानं वाचलं नाही. बेसे माझ्या ओठांकडे बघत होती आणि ओठ हलत नाहीत म्हणजे काय ते तिला कळलं. ती उंबऱ्यावरच खाली बसली.

चौथ्या पानावर कारण होतं. अर्जदार म्हणते, इराकमधल्या सिंजारच्या डोंगरावरून तिला तिच्या सख्ख्या भावानं, बरकातनं, खाली आणलं. पण इराकच्या कुटुंबपत्रकात अर्जदाराला भाऊच नाही. आणि हा बरकात गेली काही वर्षं जर्मनीतच राहतो. त्याच्या मुलाखतीत त्यानं स्पष्ट सांगितलंय की आपल्याला बहीण नाही. सबब, ज्याच्या आधारावर सारी हकीकत उभी आहे तो भाऊच खोटा, म्हणून हकीकतही विश्वासार्ह नाही.

"बेसे," मी म्हटलं, "तू त्यांना सख्खा भाऊ म्हणून सांगितलंस?"

"मी म्हटलं, भाऊ. तो दुभाषी म्हणाला, सख्खा का? मी म्हटलं, सख्ख्याहून सख्खा."

घ्या! दुभाष्यानं ध चा मा केला होता. 'हून' गेला वाऱ्यावर आणि कागदावर उरला 'सख्खा'. तो पोरगा दुसऱ्या मुलखातला, आमच्या चालीरीती त्याला कुठून ठाऊक असणार. पण खापर फुटलं ते हिच्या डोक्यावर.

आमच्यात प्रत्येकाला एक परलोकाचा भाऊ किंवा बहीण असते. शेखांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, घराण्यातला माणूस निवडायचा आणि मरेपर्यंत, मेल्यावरही, नातं सोडायचं नाही. मानलेला भाऊ म्हणतात तसला हा प्रकार नव्हे. मानलेला भाऊ उद्या न मानलेलाही होतो. परलोकाचा भाऊ आमच्या धर्मातल्या पांढऱ्या सदऱ्याचा गळा आपल्या हातानं कापतो, तुमच्या लग्नात उभा राहतो, तुम्ही मेलात की अंघोळ घालताना पाणी देतो. आणि शेवटच्या दिवशी, सगळ्यांचा न्याय व्हायला लागला की, तुमच्या शेजारी उभा राहून म्हणतो, हिचं जे काही चुकलं असेल ते माझ्या माथी मारा. तुम्ही त्याच्यासाठी तेच म्हणायचं. आता हे बोलताना रोज कोण 'परलोकाचा, परलोकाचा' म्हणत बसतं? आम्ही नुसतं भाऊ म्हणतो.

बेसेला तर दुसरा भाऊ नव्हताच. बेसे म्हणजे पुरे. तीन मुली झाल्यावर चौथीही मुलगीच झाली तेव्हा बापानं वैतागून ठेवलेलं नाव. देवानं ते ऐकलं आणि त्यानंतर मुलगी नाही की मुलगा नाही, काहीच दिलं नाही. अकराव्या वर्षी बापानं तिला शेखांच्या घरी नेलं. तिथे चौदा वर्षांचा बरकात मेंढ्यांना पाणी पाजत होता. त्याला हाक मारून उभा केला आणि सांगितलं, ही आजपासून तुझी बहीण. बेसे सांगते, त्यानं हात पुसले आणि विचारलं, हिला मेंढ्यांची भीती वाटते का?

पत्र आलं त्याच संध्याकाळी मी बरकातला फोन करून बोलावलं. वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढा, पण शेखांच्या घरातला, त्यामुळे हात मला त्याचा चुंबावा लागतो आणि 'अहो शेख' म्हणावं लागतं. बारीक माणूस, समोरचे दोन दात नाहीत, चष्म्याला चिकटपट्टी. पेयांच्या गोदामात रिकाम्या बाटल्या निवडतो. त्यानं गुडघ्यावर हात चोळत पत्र ऐकलं.

"मी खोटं नाही बोललो, मावशी," तो म्हणाला. "मला म्हणाले, आईवडिलांची मुलं किती. मी म्हटलं, दोन भाऊ होते, मारले. बहीण नाही. खरंच नाही."

"तुम्ही दोघं खरं बोललात, शेख," मी म्हटलं. "म्हणूनच घोळ झालाय. एकानं तरी खोटं बोलायचं होतं."

बेसे हसली नाही. तिला वेगळीच काळजी लागली होती. "म्हणजे आता तुझेही कागद बघतील का रे?" तिनं विचारलं.

बघतात. दिलेला आश्रयसुद्धा पुन्हा तपासतात, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. बेसेची फाईल उघडली की त्यात बरकातचं नाव, आणि त्याची उघडली की त्यात 'बहीण नाही'.

वकील मिळाल्या, टीमानबाई. पंधरा दिवसांच्या आत दावा गेला आणि मग वाट बघणं सुरू झालं. ते दोन वर्षं चाललं.

या दोन वर्षांत बेसे इथं रुळली, असं लोक म्हणायचे. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात तिला काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात तिनं मुकादमीणबाईंना सांगितलं की बुधवारी मी धुणार नाही. आता नोकरी जाणार म्हणून मी कपाळाला हात लावला. पण ती म्हणाली, बुधवारी घड्या घालीन, दोघींच्या वाटच्या घालीन. बाईंना ते पटलं. तिथल्या नव्वदीच्या म्हाताऱ्या हिची वाट बघायच्या. चादरी घेऊन आली की तिचा हात धरून ठेवायच्या. कचऱ्याचे चार डबे ती माझ्याहून नीट वेगळे करायची. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, कुणाकडे जायचं तर आधी विचारून जायचं, बस दोन मिनिटं उशिरा आली तर घड्याळाकडे बघून उसासा टाकायचा, सगळं शिकली.

पण तेल मात्र छोट्या बाटलीतलंच आणायची. मी एकदा तिला दुकानात म्हटलं, "अगं, मोठी घे, स्वस्त पडते."

"मोठी संपेपर्यंत मी इथं असेन का, मावशी?"

मला संताप आला. तिच्यावर नव्हे, पण निघाला तिच्यावरच. "नसलीस तर मी संपवीन. घे मुकाट्यानं!" मी म्हटलं. तिनं नाही घेतली. तांदूळ, मीठ, साबण, सगळं तिचं एवढंएवढंसं. जिन्यात टपालपेटी होती तिथे ती एकटी जायची नाही. मला फोन करायची, मी माझ्या घरातून निघून तिच्या जिन्यात जायची, पेटी उघडायची, आणि ती वरच्या पायरीवरून विचारायची, पिवळं आहे का? बहुतेक वेळा पिझ्झावाल्यांच्या जाहिराती असायच्या. तिचा जीव मात्र दोन वर्षं टांगणीलाच होता. दर सहा महिन्यांनी राहण्याचा कागद वाढवून मिळायचा तेव्हा एक दिवस ती पोटभर जेवायची, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चिमणीचा घास.

न्यायालयाची तारीख मार्चमध्ये लागली. आठ दिवस आधी टीमानबाईंनी आम्हाला बोलावलं.

"तुमच्या चालीबद्दल मी सगळं लेखी दिलंय," त्या म्हणाल्या. "न्यायाधीश वाचणारे आहेत. ते एकच विचारतील, पहिल्या मुलाखतीतलं 'सख्खा भाऊ' हे विधान मागे घेता का? तुम्ही म्हणायचं, हो. मग आपण पुढचं समजावून सांगू. बस्स, एवढंच."

मी बेसेला आमच्या भाषेत सांगितलं, "चूक झाली म्हण." एवढं सोपं करून सांगितलं, आणि तिथेच मी माती खाल्ली, पण ते मला नंतर कळलं. बेसेनं मान हलवली.

परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "चूक कुणाची झाली म्हणायचं? मी तर खरंच सांगितलं होतं."

"दुभाष्याची."

"मग त्यालाच बोलवा ना."

"बेसे, तुला इथं राहायचंय ना?"

"राहायचंय."

"मग शहाणपणा पुरे."

"पुरे तर माझं नावच आहे," ती म्हणाली. दोन वर्षांत तिनं केलेला तो एकच विनोद. मला तेव्हा हसू आलं नाही.

न्यायालयात खोली लहान होती, शाळेच्या वर्गाएवढी. मी मागच्या बाकावर. बरकात बाहेर, कारण साक्षीदारानं आत काय चाललंय ते ऐकायचं नसतं. त्यानं कुणाचा तरी कोट मागून आणला होता आणि त्याच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. न्यायाधीश पन्नाशीचे, सर्दीनं बेजार. समोर कागदी रुमालांचा डबा आणि हातात छोटं यंत्र. त्यात ते ऐकलेलं आपल्या शब्दांत बोलून ठेवायचे. दुभाषीबाई या वेळी जाणकार होत्या, शब्दाला शब्द लावणाऱ्या. मी म्हटलं, चला, या वेळी तरी ध चा मा व्हायचा नाही.

बेसेनं डोंगर सांगितला. ऑगस्टचं ऊन, पाणी नाही, बरकातच्या पाठीवर ती. मग नवऱ्याचं आलं. तिचा नवरा सादो सगळ्यांबरोबर निघाला होता, पण त्याच्या म्हाताऱ्या बापाला चालवेना, म्हणून तो बापाला आणायला माघारी गेला. गावाच्या वेशीवर काळ्या झेंड्यावाल्या अतिरेक्यांनी दोघांना धरलं. पाण्याच्या टाकीमागे लपलेल्या एका शेजारणीनं पुढचं ऐकलं होतं आणि तिनं ते बेसेला सांगितलं होतं.

"त्यांनी काय विचारलं?" न्यायाधीश म्हणाले.

"धर्मावरून फिरता का, असं विचारलं."

"आणि तुमच्या नवऱ्यानं?"

"तो म्हणाला, आम्ही फिरत नाही. सासऱ्यांनीही तेच सांगितलं. तीनदा विचारलं." बेसे थांबली. "मग गोळ्यांचा आवाज."

न्यायाधीशांनी यंत्रात हळू आवाजात ते बोलून ठेवलं. रुमाल घेतला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. मग त्यांनी चौथं पान काढलं.

"तुमच्या धर्मातल्या त्या प्रथेबद्दल मी वाचलंय," ते म्हणाले. "तेव्हा मला फक्त एकच हवंय. बरकात हे सख्खे भाऊ, असं विधान नोंदीत आहे. ते तुम्ही मागे घेता का?"

दुभाषीबाईंनी ते आमच्या भाषेत केलं. चोख केलं, त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. आमच्या भाषेत विधान मागे घेणं म्हणजे शब्दावरून फिरणं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या शब्दावरून फिरता का?"

बेसेच्या पाठीचा कणा ताठ झालेला मला मागून दिसला.

"नाही," ती म्हणाली. "मी फिरत नाही."

टीमानबाईंनी झटकन मान वळवली. न्यायाधीशांना वाटलं, हिला प्रश्न समजला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश, हातवारे करून. दुभाषीबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. बेसेचा आवाज आता बारीक झाला होता. "मी फिरत नाही."

"वादीच्या गैरसमजामुळे..." टीमानबाई उठायला लागल्या.

"वादीला स्वतः बोलू द्या," न्यायाधीश म्हणाले. आणि त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

तिसऱ्यांदा! मी उठून उभी राहिले. "अहो, तसं विचारू नका तिला," असं मी माझ्या शाळेतल्या जर्मनमध्ये ओरडले, आणि न्यायाधीशांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की प्रेक्षकांनी बोलायचं नाही, पुन्हा बोललात तर बाहेर जावं लागेल. मी बसले. आठ दिवसांपूर्वी त्या ऑफिसात मी चोख सांगितलं असतं, शब्दाला शब्द लावला असता, तर हे तिथेच कळलं असतं. 'चूक झाली म्हण' म्हणे! मला वाटलं होतं मी मोठी हुशार.

"फिरत नाही," बेसे म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. मला वाटतं, तिला आता गोळ्यांचा आवाज येईल असंच वाटत असावं.

न्यायाधीशांनी यंत्र तोंडाजवळ नेलं. "साक्षीदार आपला सख्खा भाऊ असल्याच्या विधानावर वादी ठाम आहे." टीमानबाईंनी पेन खाली ठेवलं. संपलं, मी म्हटलं. दोन वर्षं छोट्या बाटल्या आणल्या त्या या वाक्यासाठी.

बरकातला आत बोलावलं. तो आला, बाह्या सावरत. त्याला आत काय झालं ते माहीत नव्हतं, पण त्यानं आधी बेसेचे हात बघितले, मग माझा चेहरा.

"वादी म्हणते, तुम्ही तिचे सख्खे भाऊ," न्यायाधीश म्हणाले. "तुमच्या स्वतःच्या मुलाखतीत तुम्ही म्हणालात, बहीण नाही. तिला हे विधान मागे घ्यायचं का असं तीनदा विचारलं. ती नाही म्हणाली."

"कसं विचारलं?" बरकात म्हणाला.

"प्रश्न मी विचारतो."

"साहेब, माफ करा. कुठल्या शब्दांत विचारलं तेवढंच सांगा."

न्यायाधीशांनी दुभाषीबाईंकडे पाहिलं. दुभाषीबाई म्हणाल्या, "शब्दावरून फिरता का."

बरकातनं चष्मा काढला. त्याला सगळं कळलं. सादोला तोही ओळखत होता. सादोच्या लग्नात तो बेसेच्या बाजूला उभा होता. त्यानं चष्मा पुन्हा घातला आणि न्यायाधीशांकडे सरळ पाहिलं.

"मी हिचा भाऊ नाही," तो म्हणाला.

बेसेच्या तोंडून एक आवाज निघाला. रडल्याचा नव्हे. पाण्यात पाय घसरला की निघतो तसा.

"आमची आई वेगळी, बाप वेगळा. भाऊ म्हणायला हिला मी शिकवलं. शब्द तिच्या तोंडचा असेल, पण चूक माझी आहे. ती फिरणार नाही, तिला फिरवू नका. मी फिरतो. तिच्या शब्दावरून मी फिरतो. लिहा."

"दुसऱ्याचं विधान तुम्हाला मागे घेता येत नाही," न्यायाधीश म्हणाले.

"मला येतं, साहेब," बरकात म्हणाला. "माझं कामच ते आहे. विचारणारा समोर बसला की तिचं जे चुकलं असेल ते माझ्या माथी घ्यायचं. ती अकरा वर्षांची होती तेव्हापासून ठरलंय. शेवटच्या दिवसासाठी ठरलं होतं, पण तुम्ही आजच विचारलंत."

दुभाषीबाई हे सांगताना मध्ये एकदा थांबल्या. न्यायाधीशांनी यंत्र तोंडाजवळ नेलं होतं, ते तसंच राहिलं. सर्दीमुळे असेल किंवा कशामुळे असेल, त्यांनी दोन रुमाल वापरले. मग विचारलं, "आणि तुमचं चुकलं तर?"

"तेव्हा ती उभी राहते," बरकात म्हणाला.

न्यायाधीशांनी यंत्रात बोलायला सुरुवात केली आणि बराच वेळ बोलत राहिले. या वेळी त्यांनी आपले शब्द घातले नाहीत. बरकात बोलला तसंच, वाक्यामागून वाक्य.

बाहेर आल्यावर टीमानबाई बरकातचा हात सोडेनात. बेसे मात्र लांब भिंतीशी उभी होती. मी तिला ओढत आणली.

"तू फिरलास," ती त्याला म्हणाली.

"हो."

"देवाचं नाव घेऊन हात धरला होतास माझा. आणि भाऊ नाही म्हणालास."

"म्हणालो."

"कागदावर गेलं ते."

"जाऊ दे," बरकात म्हणाला. "मला दोनची पाळी आहे, बेसे. बस चुकेल." आणि तो त्या लांब बाह्यांचा कोट सावरत निघून गेला.

निकाल टपालानं यायचा होता. सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत बेसेनं बरकातला एकदाही फोन केला नाही. मी तिला समजावलं, रागावले, दोन दिवस अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. "तुझ्यासाठी त्यानं स्वतःची फाईल आगीत धरली," मी म्हटलं. "त्याचेही कागद तपासतील उद्या. आणि तू रुसून बसलीस?"

"मी रुसले नाही, मावशी," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

"कशाची? इथून घालवतील याची?"

तिनं मान हलवली. नाही म्हणाली की हो म्हणाली, तेच मला कळलं नाही.

पिवळं पाकीट आलं ते शनिवारी. ती वरच्या पायरीवर, मी खाली पेटीपाशी. मी तिथेच फाडलं, जिन्यात, दिव्याखाली. पहिलं पान वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं विरघळली. आश्रय मंजूर. मी वर बघून ओरडले, शेजारचा म्हातारा दार उघडून बाहेर आला, मी त्यालाही सांगितलं, तोही टाळ्या वाजवायला लागला. बेसे सावकाश खाली आली. तिनं कागद हातात घेतला, या वेळी ओढणीशिवाय.

"यात त्याचं लिहिलंय?" तिनं विचारलं.

"काय?"

"तो जे म्हणाला ते. वाच."

मी शोधलं. सातव्या पानावर होतं. साक्षीदारानं आपण वादीचे भाऊ नसल्याचं सांगितलं, वादीचं विधान स्वतःवर घेतलं, आणि ज्या रीतीनं घेतलं त्यातूनच या नात्याचं स्वरूप आणि वादीच्या हकीकतीचा खरेपणा न्यायालयाला पटला. मी वाचलं आणि मला पुन्हा रडू कोसळलं. बेसे रडली नाही. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही? 'भाऊ नाही' ही ओळ?"

"हो."

"खाली शिक्का आहे."

"अगं, शिक्का सगळ्यालाच असतो. तू सुटलीस, बेसे! वर जा, भावाला फोन कर."

ती पायरीवर बसली, मीही बसले. शेजारचा म्हातारा आत गेला. बराच वेळ ती कागदाच्या घड्या घालत होती, वृद्धाश्रमातल्या चादरीला घालते तशा, कडेला कड जुळवून. मग तिनं फोन काढला आणि लावला. मला वाटलं आता आभार मानेल, रडेल, काहीतरी बोलेल.

"भावा," ती फोनवर म्हणाली. "मिळालं." मग ऐकत राहिली. तो बाटल्यांच्या खणखणाटात काहीतरी बोलत होता. "हो. हो. जेवले. ऐक ना. तू माझ्यासाठी खोटं बोललास, ते आता तुझ्या माथी आहे. ते मी बोलीन. शेवटच्या दिवशी तिथे मी उभी राहीन आणि सांगीन, का बोललास ते. सगळं सांगीन, पहिल्यापासून. तू काळजी करू नकोस."

तिनं फोन ठेवला. आणि मग माझ्याकडे वळली. दोन वर्षं पेटी उघडताना वरच्या पायरीवरून जसं बघायची, अगदी तसंच बघत होती.

"मावशी," तिनं विचारलं, "तिथे दुभाषी असतो का गं?"